ठिगळाखालची अकरा नावं

गुरुवार, १२ फेब्रुवारी २००४

शेवटी घोंगडं माझ्याच गळ्यात पडलं. यंदा आमच्या हार्लन फोर्डला एकशे पंचाहत्तर वर्षं होतात, म्हणून गावाचा इतिहास छापायचा आणि तो मी लिहायचा, असं समितीने ठरवलं. अध्यक्षीण बेव्हर्ली म्हणाली, "मर्ल, एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलास, तुझ्याशिवाय कोण लिहिणार?" मागच्या बाकावरून डुएन न्हावी म्हणाला, "आणि एकतीस वर्षं आम्ही सरांच्या तासाला काय गाढ झोपलो!" सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं.

तसा मी एकदा लिहिलाय गावाचा इतिहास. १९७६ साली, देशाला दोनशे वर्षं झाली तेव्हा चाळीस पानांची पुस्तिका काढली होती. तिची एक प्रत वाचनालयातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आहे. आर्डिथनेच ती तिथे सारली. अडतीस वर्षं ती तिथली ग्रंथपाल होती, त्यामुळे कुठलं पुस्तक कशाच्या लायकीचं हे तिला बरोबर कळतं.

या वेळी मात्र माझी एकच अट आहे. खुर्चीत दाढीला बसलेल्या माणसाने हातातलं मासिक खाली ठेवून ऐकलं पाहिजे. दर गुरुवारी सकाळी लिहिलेलं डुएनच्या दुकानात वाचायचं आणि दुपारी आर्डिथला द्यायचं. ती पेन्सिलने वाचणार, आणि कंटाळा येईल तिथे समासात एक टिंब काढणार.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

मागच्या गुरुवारी पहिलं प्रकरण आपटलं. तह, मोजणीदार, जमिनीचे नकाशे. एका गालाला फेस लागलेला असतानाच गिऱ्हाईक घोरायला लागलं. डुएन म्हणाला, "सर, बारा वाक्यांत सात तारखा! वस्तऱ्याची गरजच नाही, तुम्ही नुसतं वाचा, केस आपोआप गळतील." आर्डिथच्या टिंबांनी समास असा भरला होता की जणू पानाला गोवर आलाय.

मग चार दिवस बसून नव्याने लिहिलं. संस्थापकाच्या बायकोपासून सुरुवात केली. ही जागा तिला आवडली नाही म्हणून ती तीन दिवस बैलगाडीतून खाली उतरली नव्हती. आज ते वाचलं, तर दुकानात दोन तट पडले. अर्धे तिच्या बाजूचे, अर्धे नवऱ्याच्या. एकशे पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या भांडणावरून आज माणसं भांडली! मला इतका आनंद झाला की केस कापायचे नसताना कापून घेतले.

आर्डिथची फक्त चार टिंबं. ती निळा स्वेटर घालून आली होती. निळ्यावर खोडरबराचा चुरा फार उठून दिसतो, म्हणून लक्ष गेलं.

गुरुवार, ११ मार्च

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चर्चच्या सह्यांच्या गोधडीचा फोटो घ्यावा, ही कल्पना माझी. १९०५ साली चर्चला घंटा घ्यायची होती. ज्याने दहा सेंट दिले त्याने गोधडीच्या एका चौकोनावर लाल दोऱ्याने स्वतःचं नाव भरायचं, अशी ती गंमत. तळघरातल्या पेटीतून आम्ही ती काढली आणि दोन टेबलं जोडून पसरली. मी नावं वाचत होतो आणि आर्डिथ टाक्यांवरून बोट फिरवत माणसं ओळखत होती. "ही आळशी होती बघ. आणि हिला नवऱ्याने मदत केलीये, इतका वाकडा टाका बाईचा नसतो."

खालच्या कोपऱ्यात अकरा चौकोन कोरे. मी म्हटलं, "इथवर येईतो गिऱ्हाईकं संपली असतील."  तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अगदी खाली वाकली. "हे कापड नंतर लावलंय," एवढंच म्हणाली, तेही स्वतःशीच. मग एकदम सरळ झाली. "मर्ल, मी निघते. घरी गॅस चालू राहिलाय."

तिच्या घरी गॅस नाहीच, विजेची शेगडी आहे, हे मला घरी पोचल्यावर आठवलं. वय झालं दोघांचंही.

गुरुवार, १८ मार्च

आर्डिथ आली नाही. फोनवर म्हणाली, फ्लू झालाय. कोंबडीचं शेवयांचं सूप करून तिच्या दारात ठेवून आलो. येताना पाहिलं तर तिची गाडी चर्चच्या मागे उभी. फ्लूमध्ये चर्च कसलं? विचारलं नाही. माझ्या पुस्तकाचा तिला वीट आला असेल तर तसं सांगावं. टिंबं काढायला काय लाजायचं!

माझी बायको नोरीन गेल्यापासून या सहा वर्षांत माझा एकही गुरुवार आर्डिथशिवाय गेला नव्हता, हे आज लक्षात आलं. सवय वाईट.

शनिवार, २७ मार्च

जेवणाआधीच हे लिहायला बसलोय.

त्या घंटेविषयी काही सापडतं का, हे पाहायला जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. जुनी वर्तमानपत्रं तिथे फिल्मवर उतरवून ठेवलीत. घंटा राहिली बाजूला. ऑक्टोबर १९०६ च्या अंकात ही बातमी सापडली:

'शनिवारी सायंकाळी गावातील प्रतिष्ठित नागरिकांनी श्री. ऑगस्ट क्रेब्स यांच्या नेतृत्वाखाली ओढ्याकाठच्या काळ्या लोकांच्या वस्तीस भेट देऊन सोमवारपर्यंत गाव सोडण्याची विनंती केली. विनंती मान्य झाली.'

पुढच्या अंकात दोनच ओळी: तिथली तीन रिकामी घरं जळाली, कारण अज्ञात. एकूण अकरा कुटुंबं, साठेक माणसं.

विनंती! साठ माणसं दोन दिवसांत घरदार टाकून जातात, आणि म्हणे विनंती.

ऑगस्ट क्रेब्स म्हणजे आमच्या क्रेब्स पार्कचे दाते. पार्क ओढ्याकाठीच आहे. गावाचा वाढदिवस तिथेच साजरा व्हायचाय. आणि ते आर्डिथचे आजोबा.

घरी येऊन माझी १९७६ ची पुस्तिका काढली. पान एकोणीस: 'शतकाच्या आरंभी ओढ्याकाठची काही कुटुंबे चांगल्या कामाच्या शोधात उत्तरेकडे गेली.' हे वाक्य मला आर्डिथच्या वडिलांनी त्यांच्या ओसरीवर लिंबू सरबत पाजून सांगितलं होतं. मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. एकही प्रश्न विचारला नाही. 'कोण म्हणतं? कशावरून?' हे दोन प्रश्न मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचो.

रविवार, ४ एप्रिल

प्रकरण लिहून झालं. चांगलं झालंय, असं मला वाटतं. कंदील, कुत्री, दारावरच्या थापा, सगळं आहे. फक्त एक नाव घातलं नाही. 'गावातली काही वजनदार मंडळी' असं लिहिलंय. काय बिघडलं? मुद्दा घटनेचा आहे, माणसाचा नाही. सदुसष्ट वर्षांची बाई, एकटी राहते, रोज त्या पार्कात फिरायला जाते. तिच्या आजोबांचं नाव छापून मला काय मिळणार? एक गुरुवार जाईल, मग दुसरा जाईल.

बेव्हर्लीला कच्चा खर्डा दाखवला. ती भली बाई आहे. डोळे पुसत म्हणाली, "मर्ल, लोक त्या दिवशी अ‍ॅपल पाय खायला येणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे ना." मी म्हटलं, "शंभर वर्षं झाकलीये बेव्हर्ली, आता बोटं दुखायला लागली."

बोलायला सोपं होतं. चार बोटं उघडली आणि एक मी स्वतःच मिटून धरलंय.

शनिवार, १० एप्रिल

सकाळी आर्डिथचा फोन. "चर्चच्या तळघरात ये." गेलो. वर बायका उद्याच्या ईस्टरसाठी लिलीच्या कुंड्या मांडत होत्या, त्यांचा आवाज येत होता. खाली गोधडी पसरलेली आणि आर्डिथच्या हातात बारीक कात्री.

अकराच्या अकरा ठिगळं तिने उसवली होती. खाली लाल दोऱ्याने नावं. हॅटी टॉलिव्हर. जुनियस पेटवे. रोझेटा बँक्स. ओळीने अकरा. ऊन न लागल्यामुळे त्यांचा लाल रंग बाकीच्यांपेक्षा ताजा.

"म्हणजे घंटेला यांचेही पैसे होते," मी म्हणालो. इतिहासाच्या मास्तरला सुचलं ते एवढंच.

"मर्ल, हा टाका बघ." तिने उसवलेलं एक ठिगळ पुढे केलं. कडेच्या कापडात दोरा अजून अडकलेला होता. "सगळे टाके उलटे तिरके आहेत. डावखुऱ्या हाताचे. माझी आजी लीना डावखुरी होती. तिची गोधडी मी लहानपणापासून पांघरतेय. हे टाके मला अंधारातसुद्धा ओळखू येतील." मग म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दोन-तीन उसवून थांबणार होते. नाही थांबता आलं."

मग मीही सांगितलं. फिल्म, बातमी, ऑगस्ट क्रेब्स. 

"दोन आठवडे तुला माहीत होतं? आणि बोलला नाहीस?"

"तुला त्रास होईल म्हणून."

"मीही तेवढ्यासाठीच गप्प होते. तुझ्या पुस्तिकेत बाबांचं वाक्य आहे. आपणहून गेलेल्यांची नावं कोणी झाकून ठेवत नाही. खोटं छापलंस हे कळलं तर तू हाय खाशील, म्हणून." ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी रुमाल दिला. तो आठवडाभर वापरलेला होता हे दिल्यावर आठवलं, पण तिने तो घेतला.

"आजोबांनी माणसं घालवली आणि आजीने नावं," ती म्हणाली.

मला एकदम सुचलं. मी म्हटलं, "पण तिने नावं उसवली नाहीत, आर्डिथ! नुसती झाकली. म्हणजे मनातून तिला ती जपायचीच होती. केवढा सुंदर शेवट होईल प्रकरणाचा!"

तिने कात्री टेबलावर ठेवली. "तुला माहितीये हे? कोण म्हणतं? कशावरून? उसवायला वेळ लागला असता म्हणून झाकली असतील. कापडाला भोकं पडतील म्हणून झाकली असतील. मलाही वाटतं तू म्हणतोस तसं असावं. माझी आजी होती ती, मला तुझ्यापेक्षा जास्त वाटतं. म्हणूनच लिहू नकोस."

गुरुवार, १५ एप्रिल

प्रकरण आर्डिथला दिलं. तासाभरात परत आलं. एकही टिंब नाही. फक्त 'काही वजनदार मंडळी' यावर काट मारून वर तिच्या ग्रंथपाली अक्षरात लिहिलेलं: 'ऑगस्ट क्रेब्स आणि त्यांच्यासोबतची माणसं.'

मी म्हटलं, "तुझ्यासाठी गाळलं होतं."

"माझ्यासाठी खोटं लिही, असं मी तुला कधी म्हणाले? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! आता सगळ्या गावाला सांगायचंच आहे, तर कोणी केलं हे सांगायला लाज का? असलं माणसाने बायकोसाठीसुद्धा करू नये."

एवढं बोलून ती कानापर्यंत लाल झाली. का ते कळलं नाही. खोलीत उकडत होतं खरं.

गुरुवार, ६ मे

उत्तरेकडचं मोठं शहर म्हणजे इंडियानापोलिस, म्हणून आर्डिथने मला न विचारता तिथल्या सात चर्चेसना पत्रं पाठवली होती, प्रत्येकात ती अकरा नावं. आज एक उत्तर आलं. वेर्डेल टॉलिव्हर, वय चौऱ्याऐंशी. 'हॅटी टॉलिव्हर माझी आजी. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलेलं मला वाचायचं आहे. फोन करून या. केक तयार ठेवीन.'

शनिवार, १५ मे

जाऊन आलो. टॉलिव्हरबाई ताठ, बारीक, शिवणाच्या मास्तरीण होत्या. आम्हाला बसवलं, दालचिनीचा केक दिला, आणि आर्डिथकडे बघून मला विचारलं, "ही तुमची मंडळी?"

"छे छे," मी म्हणालो.

"एवढं दोनदा कशाला म्हणायला हवं?" त्या म्हणाल्या. आर्डिथ केक बघत होती.

आर्डिथने आधीच सांगून टाकलं, "मी ऑगस्ट क्रेब्सची नात."  बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. पत्राखाली क्रेब्स अशी सही होती. म्हणूनच उत्तर दिलं. सही करणाऱ्या क्रेब्सला बघायचं होतं."

मग भिंग घेऊन त्यांनी प्रकरण वाचलं. सगळं, सावकाश. मी शाबासकीची वाट पाहत होतो. खोटं कशाला लिहू, पाहत होतो.

"मास्तर, छान लिहिलंय. लोकांना रडू येईल." त्यांनी कागद मांडीवर ठेवले. "पण माझी आजी यात कुठाय?"

"ही काय, तिसऱ्या पानावर."

"ही दारात उभी राहून थरथरणारी बाई? ही कोणीही असेल. तीस वर्षं राहिली ती माणसं तिथे, आणि तुम्हाला त्यांची एक संध्याकाळ माहीत. ज्या संध्याकाळी तुमचे लोक तिथे गेले ती! आमच्याकडे तुमचे लोक आले नसते, तर आम्ही तुमच्या पुस्तकात नसतोच की."

 बैलगाडीतून न उतरणाऱ्या बाईला मी सहा पानं दिली होती. या साठ माणसांना फक्त घाबरायला ठेवलं होतं.

"मग सांगा ना," आर्डिथ म्हणाली आणि तिने वही काढली.

त्या साडेतीन तास सांगत होत्या. हॅटी शनिवारी स्टेशनवर मक्याच्या पिठात घोळवून तळलेले मासे विकायची. गाडीने दोनच मिनिटं थांबायचा नियम होता, पण ड्रायव्हर पाच मिनिटं थांबवायचा. तिचं हसणं असं होतं की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायची. नवऱ्याशी भांडली की ती माशात मीठ जास्त घालायची, आणि मग गावातल्या गोऱ्या बायकाही म्हणायच्या, 'आज टॉलिव्हरांकडे वाजलंय वाटतं.' जुनियस पेटवे तिच्याकडून उधार मासे खायचा आणि बदल्यात बायबलमधली चुकीची वचनं सांगायचा.

परतीच्या वाटेवर गाडीत आर्डिथ झोपली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. खांदा अवघडला होता. हलवला नाही.

सोमवार, २४ मे

नवं प्रकरण समितीपुढे ठेवलं. अर्धे हो म्हणाले, अर्धे नाही. बेव्हर्लीने तोडगा काढला. पुढच्या सोमवारी थडगी सजवायच्या दिवशी सगळं गाव पार्कात जमतं, तिथे मी ते वाचायचं. लोक उठून गेले तर प्रकरण पुस्तकात नाही. बसून राहिले तर मंगळवारी छपाईला. ती म्हणाली, "आणि मर्ल, मीसुद्धा उठू शकते हं. आधीच सांगते."

मी कबूल केलं. मग घरी येऊन घाबरलो.

सोमवार, ३१ मे

सकाळी दफनभूमीत डब्यांतून पिओनीची फुलं ठेवली. नोरीनला गुलाबी. दुपारी पार्कात दीडेकशे माणसं, घडीच्या खुर्च्या, अ‍ॅपल पाय, लिंबू सरबत. टॉलिव्हरबाई पुतण्याबरोबर आल्या होत्या, टोपी घालून, पहिल्या रांगेत. शेजारी आर्डिथ, निळ्या स्वेटरमध्ये, एवढ्या उकाड्यात!

मी वाचायला लागलो. माशांपाशी लोक हसले. मिठापाशी बायका नवऱ्यांना ढोसून हसल्या. पेटवेच्या वचनांना डुएन इतका हसला की त्याला ठसका लागला. मला वाटलं, अजून इथेच थांबावं, पान उलटूच नये.

पान उलटलं. शनिवारची संध्याकाळ आली. हसू थांबलं, पण कोणी हललं नाही. मग ती ओळ आली आणि माझा आवाज गेला. शब्द समोर होते, तोंडातून निघेनात. खुर्च्या करकरायला लागल्या.

आर्डिथ उठून उभी राहिली आणि गावाकडे तोंड करून म्हणाली, "ऑगस्ट क्रेब्स. माझे आजोबा. पुढे वाच, मर्ल."

मी वाचलं. हॅटीने कढई उचलली ती गरम होती, म्हणून ती पोत्यात गुंडाळून नेली, इथवर वाचलं. सोमवारी गाडी स्टेशनवर पाच मिनिटं थांबली आणि ती तीत चढली, इथवर. तिथे प्रकरण संपतं.

दोघं-तिघं उठून गेले होते. बाकी सगळं गाव बसलेलं. मी कागद गोळा करत होतो, तेवढ्यात बेव्हर्ली उभी राहिली. मला वाटलं, ही निघाली. पण ती तिथेच उभी राहून, शाळेत मुली विचारतात तसं विचारती झाली, "मर्ल, मग ती परत आली का? कधीतरी?"

मी खाली कागदाकडे पाहिलं. कागदावर ते नव्हतं.

टॉलिव्हरबाई बसल्या जागेवरून, मान न वळवता म्हणाल्या, "नाही आली. पंचेचाळीस वर्षं इंडियानापोलिसात काढली आजीने. पण मासा कोणी चुकीचा तळला की शेवटपर्यंत म्हणायची, 'आमच्या गावाकडे असा नाही करत.'"

बेव्हर्ली खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आर्डिथने माझ्या हातातून शेवटचं पान घेतलं, मांडीवर धरलं आणि ते वाक्य जसंच्या तसं खाली लिहिलं.